मथुराजिजीची बुजवणी

पितरपाठ, म्हणजे पितृपक्ष, लागला की आमच्या घरात माझी चेष्टा सुरू होते. पाऊस उघडलेला असतो, शेतात ज्वारी उभी असते, आणि ओलीला कंटाळलेले उंदीर, विंचू, गोमी, मुंग्या सगळे मिळून माणसांच्या घरांकडे निघतात. मी सिमेंटचं घमेलं आणि थापी घेऊन मोरीपासून सुरुवात करते. इथवर कुणाला हसू येत नाही. पण भोक बुजवायच्या आधी मी खाली वाकते, त्याच्या तोंडाशी तोंड नेते आणि विचारते, "कोण आहे आत? निघ. मी बंद करतेय." मग थोडी थांबते. सून तोंड फिरवून हसते, नातू पाठीमागून उंदराचा आवाज काढतो. हसू देत. मी हे जिच्याकडून शिकले, त्या बाईला तोंडावर हसायची गावात कुणाची टाप नव्हती.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे ग्रामसेवक. त्यांची बदली संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात झाली. मी चिखलीची, बाजारपेठेत वाढलेली, माहेरचं घर फरशीचं. तिथून मी आले ती मातीच्या भिंती, धाब्याचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन अशा घरात. लांबट घर, मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही भाडेकरू, पलीकडे घरमालकीण मथुराजिजी, एकटी. परसू दोघींचं सामाईक.

पहिल्याच आठवड्यात मी दुपारी पाणी घेऊन आले तर माझ्या स्वयंपाकघरात एक उंच, हाडकुळी म्हातारी गुडघे टेकून बसलेली. शेजारी घमेल्यात कालवलेली पांढरी माती. डावा कान भिंतीला लावलेला. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं, जणू मीच तिच्या घरात शिरले होते. मग कोपऱ्यातल्या भोकाशी तोंड नेऊन ती अगदी शेजारणीला हाक मारावी तशी म्हणाली, "कोन हाय आत? निघ माय. बंद करून राह्यली मी."

मला हसू फुटलं. जिजी हलली नाही. थोड्या वेळानं भोकातून एक जाडजूड बेडूक बाहेर आला, आमच्या दोघींकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि उंबऱ्यापर्यंत उड्या मारत गेला. जिजीनं त्याला केरसुणीनं वाट दाखवली आणि मग भोकात मातीचा गोळा दाबला.

"आता हस," ती म्हणाली. "चिखलीत भोकं नसतेत का वं?"

दर वर्षी पितरपाठात तिची ही बुजवणी चाले. घट बसायच्या आधी घर मिटलं पाहिजे, असा तिचा नेम. मातीत भुसा, राख आणि शेण असे, ते सगळेच घालतात. जिजीच्या मातीत आणखी एक गोष्ट असे, ती म्हणजे फुटलेल्या बांगड्यांची काच. उंदीर काचेला तोंड लावत नाही. गल्लीतल्या बाया वर्षभर फुटक्या बांगड्या जपून ठेवायच्या आणि श्रावण सरला की जिजीच्या टोपलीत आणून टाकायच्या. ती वरवंट्यानं त्या जाडसर ठेचायची. त्यामुळे तिच्या घरात शिरलं की भिंतीत ठिकठिकाणी हिरवे-लाल ठिपके चमकत. गल्लीतल्या प्रत्येक सुवासिनीचा हात त्या भिंतींत होता. जिजीच्या नवऱ्याच्या दहाव्याला फोडलेल्या तिच्या स्वतःच्या बांगड्याही तिनं वाया घालवल्या नव्हत्या, त्या चुलीमागच्या भोकात आहेत असं तिनंच मला सांगितलं. मला ते ऐकून कसंसंच झालं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

काच हातानं कालवायची म्हणजे बोटं कापणारच. जिजीच्या बोटांची टोकं बारीक चिरांनी भरलेली असत आणि चिरांत पांढरी माती बसलेली असे. डाव्या गालावर कायम पांढरा डाग, भिंतीला कान लावून लावून आलेला. बोलणं कमी. पण जे बोले ते असं की समोरच्यानं पुढे बोलू नये.

एकदा ह्यांनी दौऱ्यावर निघायच्या घाईत न्हाणीतलं भोक चिंधीचा बोळा कोंबून बंद केलं. जिजीला ते कसं कळलं देव जाणे, पण भिंतीपलीकडून ती तडक आली, बोळा उपसून काढला आणि भोकाशी वाकून हाक दिली. आतून एक चिचुंद्री चिर्रर्र करत निघाली आणि ह्यांच्या नव्या चपलांवरून गेली.

"साहेब," जिजी म्हणाली, "बंद करा, माह्यं काई मननं नाई. पन आवाज देल्याबिगर बंद करू नका. आत राह्यलेलं जित्रुब मंग आतच राह्यते."

ह्यांनी मान डोलावली. ग्रामसभेत कुणाचं न ऐकणारा माणूस, पण पुढे टेबलाचा खण लावतानासुद्धा क्षणभर थांबू लागला. मी त्यांना त्यावरून खूप छळलं.

गावात तिचा एवढा वचक का होता, ते मला दसऱ्याच्या सुमारास कळलं. किराणा दुकानदाराच्या घरी सणासाठी भिंती लिंपून, चुना देऊन झाल्या होत्या. जिजी तेल आणायला गेली होती. ती दुकानात उभ्या उभ्या थबकली आणि सरळ त्यांच्या माजघरात गेली. कान लावला. मग कुणाला काही न विचारता कोपऱ्यातली पहार उचलून तिनं त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीत घातली. दुकानदारीणबाई ओरडत राहिल्या. ढेकळं पडली आणि मागून मांजराची पिल्लं निघाली, मातीनं माखलेली, डोळे अजून धड न उघडलेली. दुकानदार म्हणाला, "मांजरीचे पिल्लं तर होते, जिजी. भिंत पाडाव काऊन?" जिजी त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. त्या नजरेनं तो माणूस इतका ओशाळला की तेलाची बाटली स्वतः घरी पोचवून गेला. तेव्हापासून गावात कुणीही भोक बुजवायचं झालं की आधी जिजीला हाक द्यायला बोलवत. पोरं तिची नक्कल करत, पण लांब जाऊन.

आता परसातल्या पेवाबद्दल सांगायला हवं. पेव म्हणजे जमिनीखाली खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, त्यावर दगडी झाकण. त्या भागात बऱ्याच घरी पेवं होती आणि वापरात होती. जिजीचं मात्र कधी उघडताना मी पाहिलं नाही. झाकण मातीनं लिंपलेलं, आणि त्या लिंपणात हिरव्या काचेचे तुकडे इतके की ऊन पडलं की तिकडे बघवत नसे. त्या जागेवर कुणी धुणं वाळत घातलेलं तिला चालत नसे. तिचा पुतण्या म्हादेव तिची शेती करायचा. गुणी माणूस. ज्वारी आली की तो मुकाट्यानं कणगीत भरायचा, पेवाकडे पाहायचासुद्धा नाही.

माझं स्वयंपाकघर त्या पेवाच्या अंगाला होतं, आणि त्या भिंतीच्या बुडाशी एक भोक दर पितरपाठात नव्यानं पडायचं. जिजी ते सगळ्यात शेवटी बुजवायची. हाक तीच, पण इतक्या हळू की शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येऊ नये. आणि मग ती थांबायची, भाजी करपेपर्यंत थांबायची. त्या भोकातून कोमट वारा यायचा आणि त्याला मिरचीच्या धुरीचा जुना, घशाला लागणारा वास असायचा. आमच्याकडे त्या दिवशी कुणी मिरची जाळलेली नसायची.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बाहेर पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होत्या, दिवेलागण व्हायची होती. मी कणीक मळत होते आणि जिजी त्या भोकापाशी. तिनं हाक दिली. थांबली. मग कान तसाच भोकाला ठेवून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भूक लागली का?"

माझे हात परातीतच राहिले. मी विचारलं, "जिजी, कुणाशी बोलता?"

तिनं गोळा दाबला, त्यावर पाण्याचा हात फिरवला आणि मागे वळून भिंतीला टेकून बसली.

"माह्यं पोरगं होतं," ती म्हणाली. "सुपडू. आधीचे दोन जगले नाईत मनून याले सुपात घालून देवापुढं ठेवला, अन नाव सुपडू ठेवलं. शाळंत घालाचा होता त्या साली."

मी कणकेचे हात पुसले. तिनं पुढचं सगळं भोकाकडे बघत सांगितलं.

"पेव रिकामं झालं होतं. उंदीर घुसू नये मनून मी धुरी देल्ली. निंबाचा पाला अन मिरच्या. मडकं खाली सोडलं, झाकन लावलं, लिपून टाकलं. दुसऱ्या दिसी घट बसनार होते, घाई होती. संध्याकाळी सुपडू घरी नाई आला. पोट्टे मने, नदीकडं गेला. नदीले पूर होता. समदं गाव नदीवर गेलं. लय शोधलं. अन मंग एक दिस घटापुढं वात सारता सारता मले आठोलं, का पोट्टे परसात लपालपी खेळत होते. पेवाचं तोंड दुपारभर उघडं होतं. अन बंद करतानी मी आवाज देल्ला नव्हता."

"मग उघडून पाहिलं?"

"नाई."

"काऊन जिजी?"

"उघडलं अन तो तिथं असता, त मंग मी मारला असता त्याले. नाई उघडलं तं तो नदीतबी असू शकते, कोन्या गावी गेलाबी असू शकते. ज्वारी निघाली तवा मी मालकाले मनलं, पेवात वल लागली, कनगीत भरा. त्यायनं माह्याकडं पाह्यलं. कनगी इकत आनली. मरेपरेंत पेवाचं नाव नाई काढलं त्यायनं."

एवढं बोलून ती घमेलं उचलून गेली. मी त्या रात्री चूल ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मांडली आणि त्या भोकावर पाटा आणून ठेवला. भित्री मी कधीच नव्हते, पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसणं मला पुढे कधी जमलं नाही.

पितरपाठात ती नवऱ्याचं पान वाढायची, कावळ्याला हाका मारायची. सुपडूचं पान कधी वाढलं नाही. तो मेला असं कुणी म्हणालेलं तिला खपत नसे. जिवंत आहे असंही ती कधी म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी मला मुलगा झाला, आणि त्याच वर्षी उंदरांनी कहर केला. आमच्या गल्लीत कणगी राहिली नाही की अंथरूण राहिलं नाही. जिजी दिवसभर बुजवत फिरे आणि सकाळी तिथेच शेजारी नवं भोक. काचेलाही ते बधेनात. म्हादेव एकदा पहारीनं माझ्या स्वयंपाकघराची जमीन ठोकत ठोकत भिंतीपर्यंत गेला. सगळीकडे पोकळ आवाज. तो उठला, मला म्हणाला, "वहिनी, उंदरायचं घर पेवात हाय. तिथून निघून राह्यले समदे." आणि जिजीच्या दाराकडे बघत पहार खांद्यावर टाकून निघून गेला.

तरीही मी काही बोलले नसते. पण एका सकाळी बाळ विव्हळत होतं म्हणून दुपटं काढलं तर त्याच्या पायाच्या अंगठ्याचं टोक कुरतडलेलं. दुपटं रक्तानं भिजलेलं. त्याला तसाच उचलून मी जिजीच्या दारात गेले. ती तुळशीला पाणी घालत होती.

"पेव उघडा," मी म्हणाले. "तुमच्या लेकराला जपायला मी माझं लेकरू उंदरांना खाऊ घालणार नाही."

लोक म्हणाले, असं बोलायला नको होतं. मी आजही तेच बोलेन. जिजीनं बाळाचा पाय हातात घेतला. तिच्या बोटांच्या चिरांना त्याचं रक्त लागलं. मग ती म्हणाली, "म्हादेवले बलाव."

दुपारी उन्हात काम सुरू झालं. म्हादेव आणि गल्लीतले दोघं जण. कुंपणापलीकडे बाया गोळा झालेल्या. म्हादेवनं लिंपण खरवडायला घेतलं तर जिजी म्हणाली, "थांब." ती पेवाच्या तोंडाशी पालथी निजली. एवढी उंच बाई जमिनीवर अशी आडवी पडलेली मी कधी पाहिली नव्हती. झाकणाच्या फटीला तिनं ओठ लावले.

"सुपडू," ती म्हणाली. "आत हायेस का बाबा? निघ. मी बंद करून राह्यली."

तेव्हा जी हाक द्यायची राहिली होती ती तिनं आता दिली. आणि मग ती थांबली. ऊन सरकलं. कुंपणाशी एका बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं तशी ती त्याला घेऊन निघून गेली. जिजीनं कान लावला, डावा, आणि तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. ती ऐकत होती. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपण मधे बोलू नये, असं तिचं तोंड होतं.

मग ती उठली. "काढा," म्हणाली.

हिरव्या काचा खळखळ पडल्या, तिच्या सुवासिनपणातल्या. दगड सरकला. धुरीचा तो वास इतक्या वर्षांनी भप्पकन वर आला आणि आम्ही सगळे खोकलो. दोरीनं कंदील खाली सोडला. पेवातली हवा खराब असली की कंदील विझतो, मग कुणी उतरत नाही. विझला नाही. उंदरांनी इतक्या वाटा पाडल्या होत्या की आत वारा खेळत होता. कडेनं उंदीर उसळले, लोकांनी काठ्या चालवल्या, आणि म्हादेव कमरेला दोर बांधून उतरला.

वरून आम्हाला नुसता उजेड हलताना दिसत होता. मग त्याचा आवाज आला, "काई नाई, जिजी. भुसा हाय अन उंदरायचे घर हायेत. धुरीचं मडकं हाय."

"नीट पाह्य."

त्यानं नीट पाहिलं. भुसा हातानं चाळला. टोपल्या भरभरून वर पाठवला, आम्ही अंगणात पसरून पाहिला. हाड नाही, चिंधी नाही, करदोट्याचा दोरा नाही. सुपडू तिथे कधी गेलाच नव्हता. कुंपणापाशी बायांनी हात जोडले. मी तर ढसाढसा रडले. मला वाटलं, सुटली. इतकी वर्षं उरावर घेतलेला हा दगड एकदाचा निघाला.

म्हादेव वर आला आणि मातीनं माखलेल्या हातांनी त्यानं जिजीचे पाय धरले. "तुह्या हातून काई झालं नाई, जिजी. त्याले नदीनं नेलं."

जिजी ते काळं मडकं हातात घेऊन बसली होती. तिनं ते आत-बाहेर फिरवून पाहिलं.

"मंग इतके वर्सं," ती म्हणाली, "मी कोनाशी बोलून राह्यली होती?"

ऊन असूनही मी बाळाला पदराखाली घेतलं.

पेव दगड-मातीनं भरून टाकलं. उंदीर हटले. बाळाचा अंगठा भरून आला, टोक मात्र जरा बोथट राहिलं, ते अजून तसंच आहे. म्हादेव दोन-तीनदा म्हणाला, आता नदीवर जाऊन सुपडूचं कार्य करून टाकू. जिजीनं एवढंच विचारलं, "नदीत सापडला का तो?" म्हादेवनं मग विषय काढला नाही.

ती बाहेरून पूर्वीसारखीच होती. पण संध्याकाळी माझ्या लक्षात यायचं, तिचा डावा गाल स्वच्छ असे. आणि परसातल्या त्या भरलेल्या जागेवरून ती आता खुशाल चालत जाई, बाकी कुठल्याही जमिनीवरून जावं तशी. तिथे आता तिचं काहीच नव्हतं. जिथे तो असेल म्हणून ती भीत होती, तीच एक जागा तिला त्याच्यासाठी होती, आणि ती आम्ही उपसून रिकामी करून दाखवली होती. हे मला तेव्हा उमगलं नाही. मी आपली तिच्यासाठी आनंदात होते.

श्रावण सरला. बायांनी फुटक्या बांगड्या आणून टाकल्या, टोपली भरली. पितरपाठ लागला. जिजीनं माती कालवली नाही. मी वाट पाहिली. घट जवळ आले तेव्हा एका दुपारी भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. मला वाटलं, उंदीर परत आले. जाऊन पाहते तर जिजी गुडघे टेकून बोटांनी भिंतीतला गोळा उकरत होती. घरात शिरताच जाणवलं की हिरवे-लाल ठिपके कुठेच राहिले नव्हते. जिथे जिथे ते होते तिथे आता काळी भोकं होती, उंबऱ्यापासून आढ्यापर्यंत. चुलीमागचंही. मुंग्यांची रांग एका भोकातून निघून दुसऱ्यात जात होती. आढ्याला सापाची कात लोंबत होती आणि जिजीनं ती काढली नव्हती.

"जिजी, हे काऊन?" मी विचारलं.

"तो कोन्या वाटेनं येते, मले काय माईत," ती म्हणाली आणि उकरत राहिली.

ह्यांची चिखलीला बदली झाली ती त्याच महिन्यात. म्हादेव बैलगाडी घेऊन आला, संग्रामपूरपर्यंत सोडायला. सामान चढलं, बाळाला मांडीवर घेऊन मी बसले आणि निरोप घ्यायचा म्हणून जिजीच्या दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. ती मागच्या भिंतीशी पाठमोरी बसली होती. आमच्या मधल्या भिंतीतून आरपार उजेड येत होता. मी हाक मारली, ती वळली नाही. एका भोकाशी तिनं तोंड नेलं होतं आणि बोटं दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकवली होती, टोकं लाल झालेली.

"ये," ती आत सांगत होती. "उघडंच हाय."

मग ती थांबली, आणि सरकून पुढच्या भोकापाशी गेली.